जुन्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायची कशी: पेडल मारून, व्हॅक्यूमने की प्रेशरने?

तिन्ही पद्धतींनी हवा निघते. जुन्या गाडीसाठी मी फक्त एवढंच बघतो, की मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाच्या) रबरांना कशात कमी त्रास होतो.

एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल (हवा काढायचा स्क्रू) सोडायचा, ही सगळ्यांच्या सवयीची पद्धत. नळी, बाटली आणि रिंग पाना एवढ्यात काम भागतं. धोका मात्र आतच असतो. रोजच्या ब्रेकिंगमध्ये पेडल कधी तळाला जात नाही, त्यामुळे सिलिंडरचा पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, गंज आणि मळ धरलेला असतो. निपल सोडून पेडल पूर्ण दाबलं की रबर कप नेमका त्या खरबरीत भागावर घासतो आणि त्याची कड फाटते. काम सुरू करताना धड असलेला सिलिंडर संपताना गळायला लागतो तो असा. हीच पद्धत वापरायची असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला जाणार नाही. आणि निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

व्हॅक्यूम पंपाने एकट्याला काम करता येतं, पेडलला हातही लावावा लागत नाही. पण निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे येतच राहतात. लाइन साफ झाली की नाही, तेच कळत नाही. आट्यांना बाहेरून ग्रीस लावलं तर फरक पडतो. ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरमधले (चाकातल्या छोट्या सिलिंडरमधले) रबर कप आतला दाब अडवण्यासाठी असतात. ओढ लागली तर त्यांच्या कडेनेही हवा आत येऊ शकते. त्यामुळे चारही ड्रम असलेल्या गाडीला मी व्हॅक्यूम लावणार नाही.

माझी पसंती प्रेशर ब्लीडरला. ब्रेक ऑइलच्या टाकीवर त्याचं झाकण बसवून 10 ते 15 पीएसआय दाब द्यायचा, लांबच्या चाकापासून एकेक निपल सोडायचा. ऑइल सलग वाहतं आणि हवा सोबत घेऊन जातं. अडचण झाकणाची: जुन्या टाकीला ते नीट बसलं नाही तर ऑइल थेट रंगावर उडतं आणि रंग उचलतं. म्हणून आधी ऑइल न भरता नुसत्या हवेचा दाब देऊन बघा.

घाई नसेल तर निपल सोडून ऑइल आपोआप गळू देणंही चालतं, फक्त टाकी रिकामी होऊ देऊ नका.

कुठल्याही पद्धतीआधी ड्रमचे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) अ‍ॅडजस्ट करा; सैल शूमुळेही पेडल खोल जातं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत घसरू शकते. तेव्हा उघडून ठेवलेला जुना डबा वापरू नका. सिलिकॉनचं डॉट 5 त्यात मिसळायचं नाही.

शेवटी पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली सरकलं तर मास्टर सिलिंडर किंवा एखादा जोड दाब सोडतोय. सिंगल सर्किटच्या (चारही चाकांना ऑइलची एकच लाइन असलेल्या) गाडीत एक गळती चारही चाकांचे ब्रेक घालवते, त्यामुळे ती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.