मुंबईच्या मे महिन्यात: नारळाच्या वासाचा परफ्यूम की मोगऱ्याचं अत्तर?

निशिगंध, गार्डेनिया, यलँग-यलँग या फुलांचा वास आणि खाली नारळ-व्हॅनिलाची ऊब. समुद्रकिनारा आठवून देणाऱ्या या परफ्यूमचं मूळ प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाच्या मोनोई तेलात आहे. तिथे तियारेची पांढरी फुलं खोबरेल तेलात मुरवतात. १९९२ पासून या तेलाला मूळस्थानाचं मानांकनही आहे. आपल्याला हा वास परका वाटत नाही. आजीच्या वेणीत खोबरेल आणि गजरा एकत्रच असायचे.

पण मे महिन्यात परफ्यूममधलं अल्कोहोल झटकन उडतं आणि वास आपल्या आधी डब्यात शिरतो. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये तापलेला निशिगंध लोण्यासारखा जड होतो. माझं तर डोकंच चढतं. तोच परफ्यूम संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर, वारा सुटलेला असताना, मनगटावर एकच फवारा... त्याला तोड नाही!

मोगऱ्याच्या अत्तराची चाल वेगळी. उत्तर प्रदेशातल्या कनौजला देग-भपक्यात, म्हणजे फुलं उकळायचं भांडं आणि वाफ धरायचं भांडं यांच्या जोडीत, फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. अल्कोहोल नसल्यामुळे गंध अंगालगत राहतो, जवळ बसलेल्यालाच कळतो. मोहम्मद अली रोडवर अत्तराची दुकानं आहेत, पण चंदन महाग, म्हणून स्वस्त कुपी घेताना आधार कोणत्या तेलाचा आहे ते विचारा. कानामागे एक ठिपका किंवा कानात फाया पुरतो. सुती कुडत्याला मात्र लावू नका, डाग पडतो.

ऑफिसला मी अत्तरच लावते. परफ्यूम कपाटात, उजेड आणि उष्णतेपासून दूर, शनिवारच्या संध्याकाळसाठी.