आमचं उपकेंद्र अन् माझे गरोदरपणाचे पहिले तीन महिने (5 पैकी 4 स्टार)

पाळी आठ दिवस वर गेली तेव्हा कापूस वेचणं चालू होतं, मले वाटलं उन्हानं पित्त झालं असन. आशाताईनं मात्र तोंड पाहूनच ओळखलं अन् पर्समधून निश्चय किट (दिवस गेले का ते घरीच पाहायचं) काढून देल्लं, फुकट. मेडिकलमधून आणलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. सकाळची पहिली लघवी, दोन-तीन थेंब, पाच मिनिटं थांबा. दुसरी रेघ इतकी फिक्की का नवरा म्हणे एकच हाय, मी म्हणे दोन. ताई म्हणाल्या, फिक्की असली तरी रेघ ते रेघ, तीन दिवसांनं परत कर. परत केली, पक्की निघाली.

आता सासूबाईंचं म्हणणं, तिसरा सरेपर्यंत कोनाले सांगायचं नाई. पण उपकेंद्रात नाव 12 हप्त्यांच्या आत टाका म्हणतात, मग काय, नजर लागू नये म्हणून ताईनं गुपचूप नेलं. सिस्टरनं वजन, बीपी पाह्यलं, रक्त-लघवी घेतली, कार्ड बनवलं, धनुर्वाताचं इंजेक्शन देल्लं. गोळी फक्त फॉलिक ॲसिडची, लोहाची चौथ्या महिन्यापासून. पहिल्या बाळाचे 5000 (आधी 3000, मग बाळ होऊन त्याचं लसीकरण झाल्यावर 2000) त्याचा फॉर्म पण तिथंच भरला, फक्त आधार बँकेले लिंक पाहिजे, माझं नव्हतं, दोन चकरा झाल्या.

ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहून राह्यली ते म्हणजे सिकलसेल, आईबापाकडून लेकराले येणारा रक्ताचा रोग. आपल्या विदर्भात हे लय आहे, तरी तालुक्याच्या ज्या खाजगी दवाखान्यात मी आधी दाखवलं तिथं 1200 रुपये घेतले अन् याचं नावही काढलं नाई. उपकेंद्रातली साधी टेस्ट पॉझिटिव्ह आली. रात्रभर रडली मी. सकाळी सिस्टरनं समजावलं का या टेस्टवरून रोग आहे का नुसता वाहक आहे ते कळत नाई, रक्त जिल्ह्याले पाठवा लागते. रिपोर्ट आला, मी वाहक, म्हणजे मले रोग नाई पण माझ्याकडून बाळात जाऊ शकते. मग नवऱ्याचं रक्त. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाले रोगाचा चारात एक धोका असते म्हणे. तो आधी फुगून बसला, "मले काय झालं?" म्हणून, पण गेला. त्याचं नॉर्मल आलं तेव्हा घरात पहिल्यांदा चहा गोड लागला. लवकर गेल्ती म्हणून हे सारं तिसऱ्या महिन्याच्या आत झालं.

मळमळीवर इलाज काही नाई, बाप्पा. फोडणीचा वास आला का मी अंगणात. उठल्या उठल्या कोरडे मुरमुरे खायचे अन् पोट रिकामं ठेवायचं नाई, एवढ्यानं थोडं बरं वाटलं. झोप इतकी का भाकर थापता थापता डोळा लागे. वजन वाढायच्या ऐवजी एक किलो घटलं, सिस्टर म्हणे सुरुवातीले असं होते. नवव्या हप्त्यात दोन डाग दिसले तेव्हा मात्र तिनं थांबू देल्लं नाई, त्याच दिवशी सोनोग्राफीले पाठवलं, ठोके दिसले. डाग दिसले तर दर महिन्याच्या 9 तारखेच्या तपासणीची वाट पाहत बसू नका, पोट दुखून रक्त जात असन तर 108 लावा.

एक स्टार कापला तो 9 तारखेच्या तपासणीचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर येतात, तपासतात चांगलं, पण सकाळी 9 ले गेलेली मी दुपारी 2 ले घरी आली, सत्तर बाया अन् दोन बाक. पाण्याची बाटली अन् मुरमुरे घरूनच न्या. अन् सोबत कोनीतरी बाई ठेवा, बाथरूमची कडी लागत नाई.