थंडरबोल्ट १०००-टी : सूर उतरला तरी जोर न सोडणारा भोंगा

फेडरल सिग्नल या अमेरिकी कंपनीच्या थंडरबोल्ट मालिकेतील १०००-टी हा भोंगा मी इलिनॉय राज्यातील एका लहान गावात प्रत्यक्ष ऐकला. आजवर ऐकलेल्या धोक्याच्या भोंग्यांमध्ये मी त्याला निःसंकोच पहिले स्थान देतो. १९५०च्या दशकात, अणुहल्ल्याच्या धास्तीने अमेरिकेतील गावोगावी असे भोंगे उभे राहिले आणि पुढे तेच टोर्नेडोची, म्हणजे जमिनीवरून भोवऱ्यासारख्या फिरत जाणाऱ्या वादळाची, सूचना देण्यासाठी वापरात राहिले. थंडरबोल्टचे उत्पादन बंद होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही या वस्तूचे परीक्षण लिहिण्याचे कारण असे की, गावे जुने भोंगे उतरवतात तेव्हा ते शौकिनांच्या हाती पडतात, आणि विकत घेण्याआधी काय पाहावे हे मराठीत कुठे लिहिलेले मला आढळले नाही.

या यंत्राचे वेगळेपण त्याच्या रचनेत आहे. साध्या विद्युत भोंग्यात एकच मोटर खाचा असलेले चाक फिरवते. तेच चाक हवा आत ओढते आणि तेच तिचे तुकडे करून बाहेर फेकते. त्यामुळे चाकाची गती मंदावली की सूर आणि आवाज दोन्ही एकदमच खाली येतात. थंडरबोल्टमध्ये ही दोन कामे वेगळी केलेली आहेत. एका पेटीत बसवलेला ब्लोअर दाबाखालची हवा जाड नळीतून वर पाठवतो, आणि खांबाच्या टोकावर बसवलेल्या भोंग्याच्या डोक्यातील वेगळी मोटर केवळ हवा कापणारे चाक फिरवते. ही कापलेली हवा मोठ्या चौकोनी कर्ण्यातून बाहेर पडते आणि कर्ण्यासह संपूर्ण डोके सावकाश गोल फिरत राहते. हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी चाकाच्या मोटरीची वीज ठरावीक वेळाने तोडतात आणि पुन्हा जोडतात, पण ब्लोअर चालूच राहतो. म्हणून सूर खाली सरकतो आणि त्याचा जोर मात्र कायम राहतो. मंद्र सप्तकात उतरतानाही स्वराची जाडी कमी होऊ न देणाऱ्या ख्यालगायकाची आठवण मला त्या क्षणी झाली, आणि ही तुलना मी पूर्ण विचारांती करतो आहे.

१०००-टी या नावातील टी हे अक्षर दुहेरी सुराचे आहे. घरी परतल्यावर ध्वनिमुद्रण ऐकत मी दोन्ही सूर पेटीवर शोधले, तेव्हा खालचा सूर षड्ज धरल्यास वरचा कोमल गंधारावर बसला. सूर चढताना आणि उतरताना दोघांमधील हे अंतर तसेच टिकते, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात जी अस्वस्थता निर्माण होते ती एकसुरी भोंग्याने होत नाही. माझे बालपण लालबागमध्ये गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावण्यात गेले; तो भोंगा माणसांना कामावर बोलावीत असे. हा भोंगा माणसांना घरात पळायला सांगतो, आणि ते सांगणे त्याच्या सुरातच आहे.

असा भोंगा शोधताना खांबावरच्या चौकोनी कर्ण्याइतकीच महत्त्वाची खूण म्हणजे ब्लोअरची पेटी आणि तिथून वर गेलेली नळी. शौकीन मंडळी रस्त्यांची छायाचित्रे नकाशावर तासन्‌तास न्याहाळतात, पण ती छायाचित्रे अनेकदा जुनी असतात. माझ्या पहिल्याच प्रवासात चार तास गाडी चालवून पोहोचल्यावर नुसता खांब उभा दिसला. दुसऱ्या वेळी मी आधी अग्निशमन केंद्राला फोन केला. इलिनॉयमध्ये महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता चाचणी घेण्याची प्रथा आहे, हे त्यांनी सांगितले आणि कुठे उभे राहावे तेही सुचवले.

शंभर फुटांवर या भोंग्याचा आवाज सुमारे १२५ डेसिबल भरतो. अंतर दुप्पट झाले की दहा डेसिबल घटतात, असा नियोजनातील हिशेब धरला तर ६,४०० फुटांवर, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटरवर, ६५ डेसिबल उरतात. मोकळ्या शेतात ते पुरेसे आहेत. रहदारीच्या शहरात नाहीत. आकड्यांत क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीचा भोंगा वरचढ ठरतो, कारण १८० अश्वशक्तीच्या व्ही-आठ इंजिनावर चालणारे ते यंत्र १३८ डेसिबल देत असे. पण तो आज चालू स्थितीत ऐकायला मिळणे फारच दुर्मीळ आहे.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. हा भोंगा मुख्य वीजवाहिनीवर अवलंबून आहे, आणि वादळात नेमकी वीजच जाते. याच कारणासाठी अनेक गावांनी बॅटरीवर चालणारे नवे भोंगे बसवले, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच आहे. फिरत्या डोक्यातील मोटरीला वीज पुरवणारी सरकती कडी झिजतात आणि ब्लोअरकडेही नियमित लक्ष द्यावे लागते.

विकत घेणाऱ्याने केवळ डोके घेऊन समाधान मानू नये. ब्लोअरशिवाय ते फक्त शोभेचे राहते, आणि ब्लोअर वेगळा मिळवणे कष्टाचे असते. चाक हाताने फिरते का, नळी गंजलेली आहे का, मोटर सिंगल फेजची आहे की थ्री फेजची, हे पैसे देण्याआधी पाहावे. ज्यांना फक्त ऐकायचे आहे त्यांनी चारशे फूट तरी दूर राहून आणि कानांना संरक्षण घालून, चाचणीच्या दिवशी दहाच्या पुरेसे आधी पोहोचावे, कारण चाक गती घेऊ लागते तेव्हाची खर्जातील पहिली घरघर अवघे काही क्षण टिकते आणि ध्वनिमुद्रणात ती नीट उतरत नाही.