पाय तुटलेली उशाब्ती की अखंड?

समजा, तुमच्यापुढे दोन इजिप्शियन उशाब्ती आहेत. थडग्यात मृताच्या चाकरीला ठेवत त्या वीतभर मूर्ती. एकीचे पाय तुटलेले, निळी झिलई विटलेली. पण १९३०च्या दशकातल्या एका लिलावाच्या छापील यादीत तिचा फोटो आहे आणि पाठीवर शाईने लिहिलेला जुना क्रमांक. दुसरी अखंड, झळझळीत आणि स्वस्तही. तिच्यासोबत फक्त एक ओळ: ‘युरोपातील खासगी संग्रह, १९६०चे दशक’.

मी डोळे झाकून तुटकी घेईन. म्हणजे, डोळे उघडेच ठेवून: फोटोतला टवका आणि हातातल्या मूर्तीचा टवका जुळतो का, हे आधी भिंगाखाली बघेन.

दुसरीच्या त्या ओळीत तपासण्याजोगं काहीच नाही. दशक मात्र सोयीचं निवडलंय. सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण रोखणारा युनेस्कोचा करार १९७०चा, आणि बरीच संग्रहालयं तेच वर्ष सीमारेषा मानतात: वस्तू त्याआधीच मूळ देशाबाहेर गेलेली हवी. इजिप्तने तर १९८३च्या कायद्याने पुरावस्तूंचा देशांतर्गत व्यापारच बंद केला. त्यामुळे जुनी तारीख चिकटवली की माल खपतो. शिवाय उशाब्तींच्या नकला उदंड; इतकी स्वस्त आणि इतकी देखणी म्हटल्यावर तीही शंका आलीच.

अर्थात कागद आहेत म्हणून भुलायचं नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये नेजेमांख या पुरोहिताची सोनेरी शवपेटी सुमारे ४० लाख डॉलरला घेतली. सोबत १९७१चा निर्यात परवाना होता. तो बनावट निघाला. पेटी २०११ मध्ये इजिप्तमधून लुटलेली होती आणि २०१९ मध्ये ती परत करावी लागली. म्हणून विक्रेत्याने दिलेल्या पत्रापेक्षा कुठल्याही ग्रंथालयात स्वतः उघडून बघता येईल अशी छापील यादी बरी.

‘चोरीच्या नोंदीत नाही’ हे प्रमाणपत्र दाखवलं जातं, त्याचा उपयोग मर्यादितच. रातोरात जमिनीतून उकरलेल्या वस्तूची चोरी नोंदवणार कोण? ती तिथे होती हेच कुणाला ठाऊक नसतं.

तुटकीचीही एक उणीव आहे: ती १९३०च्या दशकापासून जमिनीबाहेर आहे एवढंच यादी सांगते, कुठल्या थडग्यातून आली ते नाही.

तरीही अखंड मूर्तीवरच जीव जडला असेल, तर आधीच्या मालकाचं नाव आणि जुनी पावती मागा. ‘मालकाला नाव गुप्त ठेवायचंय’ असं उत्तर आलं, तर मूर्ती खाली ठेवून निघा.