मेडिकेअर पार्ट डी: जानेवारीपासून वापरतोय, आमचा अनुभव

ह्या जानेवारीत (2026) आम्ही दोघांनी पार्ट डीचा, म्हणजे मेडिकेअरमधल्या औषधांच्या विम्याचा प्लॅन बदलला, आता बरेच महिने वापरून झालाय आणि इथे अमेरिकेत पासष्टीला टेकलेले आपले लोक सारखे विचारत असतात, म्हणून सविस्तर लिहितेय. मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा आरोग्य विमा, सरकारी असला तरी औषधांचे प्लॅन प्रायव्हेट कंपन्या चालवतात आणि कुठलं औषध मिळणार हे त्या प्लॅनची यादी म्हणजे फॉर्म्युलरी ठरवते. त्यामुळे नुसता प्रीमियम बघून प्लॅन घेऊ नका, आधी आपल्या गोळ्या बघा.

ह्यांना एलिक्विस (रक्त पातळ करणारं) आणि जार्डियन्स (मधुमेहाचं) चालू आहे. दोन्ही महाग, पण सरकारने कंपन्यांशी वाटाघाटी करून ठरवलेले भाव ह्या जानेवारीपासून लागू झालेत, महिन्याच्या एलिक्विसचे 231 डॉलर आणि जार्डियन्सचे 197 (एलिक्विसची लिस्ट प्राइस 2023 मध्ये 521 होती!). तरी जानेवारीचं बिल बघून धस्स होतंच, कारण आमच्या प्लॅनला पूर्ण 615 चं डिडक्टिबल आहे, ते संपेपर्यंत सगळे आपल्याच खिशातून. म्हणजे पहिल्या महिन्यात सव्वाचारशेच्या वर, दुसऱ्या महिन्यात अडीचशेच्या आसपास आणि मग आपला वाटा 25 टक्के म्हणजे साधारण 107. मेटफॉर्मिनसारखी साधी जेनेरिक पहिल्या टिअरला, म्हणजे यादीतल्या सगळ्यात स्वस्त गटात आहे, तिला काहीच पडत नाही.

जानेवारीचा हा भार नको असेल तर प्लॅनला फोन करून मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन चालू करून घ्या, फार्मसीत काही द्यायचं नाही, दर महिन्याला बिल घरी येतं, व्याज नाही. पैसे कमी होत नाहीत, फक्त वर्षभरात विभागले जातात. पेन्शनवर घर चालवणाऱ्यांना ह्याचा खरंच उपयोग आहे आणि कोणी आपणहून सांगत नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वर्षाची मर्यादा. 2022 च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमुळे 2025 पासून डोनट होल (वर्षाच्या मध्ये कव्हरेजमध्ये पडणारा खड्डा) गेलं आणि खिशातून जाणाऱ्या पैशांवर 2000 डॉलरची मर्यादा आली, ह्या वर्षी ती 2100 आहे. कॅन्सरची औषधं घेणाऱ्यांसाठी ह्याचा अर्थ काय होतो ते त्यांनाच विचारा. पण प्रीमियम ह्यात धरत नाहीत आणि यादीबाहेरच्या औषधाचे पैसेही धरत नाहीत, म्हणून परत तेच, यादी बघा. इन्सुलिन महिन्याला जास्तीत जास्त 35, डिडक्टिबल लागत नाही. नागिणीची लस फुकट, ती आम्ही दोघांनी घेतली.

त्रास झाला तो माझ्या काचबिंदूच्या ड्रॉप्सचा. नव्या प्लॅनने सांगितलं आधी जेनेरिक लॅटानोप्रॉस्ट वापरून बघा, ह्याला स्टेप थेरपी म्हणतात. आता ते मी पूर्वी वापरलेलं, डोळे लाल होऊन चुरचुरायचे म्हणून तर डॉक्टरांनी बदललं होतं, पण नव्या कंपनीकडे त्याची नोंदच नाही. फोनवर प्रत्येक वेळी वेगळा माणूस, पहिल्यापासून सगळं परत सांगायचं, डोळ्याच्या औषधात खंड पडला तर काय होतं हे त्यांना समजावताना जीव रडकुंडीला आला. शेवटी डॉक्टरांनी एक्सेप्शनचं, म्हणजे ह्या नियमातून सूट मागणारं पत्र पाठवलं आणि मंजूर झालं. डॉक्टरांचं पत्र पोचलं की 72 तासांत निर्णय द्यावा लागतो, तातडीचं असेल तर 24 तासांत. आणि प्लॅन बदलल्यावर पहिल्या 90 दिवसांत चालू असलेल्या औषधाचा एकदा महिनाभराचा साठा द्यावाच लागतो, ट्रान्झिशन फिल असं नाव घेऊन मागा, त्यावरच माझं निभावलं.

फार्मसी प्रिफर्ड, म्हणजे प्लॅनच्या पसंतीची आहे का तेही बघा, तीच गोळी दुसऱ्या दुकानात महाग पडते. भारतात जाताना 90 दिवसांचं औषध घेऊन जा, तिथे घेतलेलं कव्हर होत नाही.

आणि ज्यांना आत्ता एकही गोळी नाही त्यांनीसुद्धा पार्ट डी वेळेवर घ्या हो. दुसरं चांगलं कव्हरेज नसताना सलग 63 किंवा जास्त दिवस गेले तर अशा प्रत्येक महिन्यामागे 1 टक्का दंड, ह्या वर्षीच्या 38.99 च्या बेस प्रीमियमवर (सरकार ठरवतं तो आकडा) दोन वर्षांचे महिन्याला 9.40 होतात आणि पार्ट डी आहे तोवर ते भरायचे. उत्पन्न कमी असेल तर एक्स्ट्रा हेल्प ह्या सरकारी मदतीसाठी अर्ज करा, त्यात हा दंडही लागत नाही.

आम्ही 15 ऑक्टोबरला सगळ्या औषधांची नावं डोससकट मेडिकेअरच्या साइटवर टाकून परत तुलना करणार, यादी दरवर्षी बदलते. प्लॅन बदलायची 7 डिसेंबर शेवटची तारीख. जमत नसेल तर आपल्या राज्याच्या शिपला (SHIP, मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सेवा) फोन करा, समुपदेशन फुकट असतं आणि ते कुठल्याच कंपनीचे प्लॅन विकत नाहीत.