गुंड्यासाठी रताळ्याच्या पट्ट्या आणि डिहायड्रेटर : पावसाळा ते शिमगा वापरल्यानंतर

आमच्या कुत्र्याच्या खाऊसाठी घेतलेलं हे वाळवायचं मशीन परत घेणार का असं कुणी विचारलं तर हो, घेणार, पण पंखा खाली असलेलं नाही. खालच्या पंख्याचं कुणी फुकट दिलं तरी रताळ्यासाठी घेऊ नका. हे एवढं ठासून लिहितेय कारण घ्यायच्या आधी मी कितीतरी रिव्ह्यू वाचले, सगळीकडं वॅट किती, ट्रे किती, टायमर किती तासांचा एवढंच, पंखा कुठं बसवलाय यावर कुणी चकार शब्द काढत नाही आणि सगळा खेळ तर त्याच्यावरच आहे.

गुंड्या आमचा लॅब (लॅब्राडोर), २८ किलोचा. कान सारखे खाजवायचा, पंजे चाटून चाटून लाल करायचा. डॉक्टरांनी मैद्याची बिस्किटं, चहातलं ग्लुकोज बिस्किट, दुकानातल्या ट्रीट, चिकन सगळं बंद केलं आणि आठ आठवडे ठरलेलंच खाणं द्यायला सांगितलं. ट्रीट द्यायचीच असेल तर एकाच पदार्थाची द्या म्हणाले, म्हणजे काय सोसतंय काय नाही ते कळतं. त्यातनं रताळं आलं. पीठ नाही, गूळ नाही, मीठ नाही, नुसतं रताळं. पीठ बंद केलं की खाज जाते असं जे सगळीकडं लिहिलेलं असतं ते मात्र सरसकट खरं धरू नका, कारण कुत्र्यांच्या खाण्याच्या अ‍ॅलर्जीवर २०१६ साली आधीच्या अभ्यासांचा एक आढावा आला होता त्यात बीफ ३४ टक्के, दूध १७, चिकन १५ आणि गहू १३ असा क्रम होता. म्हणजे गहू आहे यादीत पण पहिला नाही. गुंड्याचे कान आता स्वच्छ आहेत, पण चिकनही त्याच वेळी सुटलं होतं, त्यामुळं सगळं श्रेय मी रताळ्याला देणार नाही.

सुरुवात मी गच्चीवर केली. उन्हाळ्यात सासूबाईंच्या कुरडया, सांडगे वाळत होते त्यातच एका कडेला रताळ्याच्या पट्ट्या, वर मच्छरदाणी. दोन-तीन कडक उन्हं लागली की वाळायच्या, लाईटबिल शून्य. एप्रिल-मेपर्यंत मला मशीनची गरज अजिबात वाटली नाही आणि आजही उन्हाळ्यापुरतं माझं मत तेच आहे, गच्ची असेल तर चार-पाच हजार रुपये घालवू नका. मुंग्यांसाठी खाटेच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, बास.

पण जून लागला की कोल्हापूर काय असतं ते आपल्याला माहीत आहे. कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं रताळ्याचं काय. तेव्हा ओटीजीवर (विजेच्या छोट्या ओव्हनवर) करून बघितलं. आमच्या ओटीजीचा काटा १०० च्या खाली येतच नाही, त्यामुळं कडा करपतात, वरचं कातडं टणक होतं आणि आतलं पाणी आतच अडकतं. हातात घेतलं तर कडक लागतं, सगळ्यांना वाटतं झालं, बरणीत भरलं की चार दिवसांत आतून ओल वर येते आणि पांढरी बुरशी. ही रताळ्याची मोठी खोड आहे. याला जास्त उष्णता नको असते, कमी उष्णता आणि सतत फिरती हवा लागते, साधारण ५७ ते ६० डिग्री. हे ओटीजीला जमत नाही म्हणून डिहायड्रेटर घेतला. गोल, पाच ट्रेचा, पंखा आणि कॉइल बुडाला.

पहिले दोन महिने मी याच्यावर इतकी खूश होते की बहिणीला पण घ्यायला लावणार होते. बाहेर मुसळधार पाऊस आणि घरात रताळ्याचा गोडसर खरपूस वास, गुंड्या मशीनसमोर पंजावर हनुवटी टेकून बसलेला. रात्री लावायचं, सकाळी उठून ट्रे वरखाली करायचे (खालच्या पंख्यामुळं खालचा ट्रे आधी कुरकुरीत होतो आणि वरचा चिवट राहतो, हे करावंच लागतं) आणि दुपारपर्यंत तयार.

पैशाचं पण बसतंय. कपिलतीर्थ मार्केटमध्ये रताळं सीझनला ४०-५० रुपये किलो मिळतं. रताळ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळं एका किलोचे वाळून पाव किलोच्या आसपास होतात. मशीन ३०० वॅटचं, दहा तास चाललं तर जास्तीत जास्त तीन युनिट, म्हणजे आमच्या स्लॅबनं तीस-पस्तीस रुपये, आणि ट्रे भरलेले असले की त्यात दीड किलो तरी बसतं. दुकानात नुसत्या रताळ्याच्या पट्ट्यांचं ७०-८० ग्रॅमचं पाकीट दोनशेच्या खाली नाही, त्यातही मागं बारीक अक्षरात ग्लिसरीन, साखर काय काय. शिवाय बाहेरनं आलेल्या जर्की (वाळवलेल्या पट्ट्यांच्या) ट्रीटवर माझा पहिल्यापासनं विश्वास नाही. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथल्या अन्न-औषध खात्यानं) २००७ पासून चीनमधल्या जर्की ट्रीटबद्दल इशारे दिले होते, त्यात चिकनच्या आणि बदकाच्या बरोबर रताळ्याच्या पट्ट्याही होत्या, आणि एवढी तपासणी करून नेमकं एक कारण काही हाती लागलं नाही. घरी केलं की निदान आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

आता मूळ दुखण्यावर येते. दिवाळीच्या आसपास मशीन ओरडायला लागलं. आधी चालू करताना नुसतं किर्र, मग सतत, मग एक दिवस कॉइल गरम आणि पंखा बंद. खालच्या ट्रेमधल्या पट्ट्या काळ्या पडल्या आणि घरभर जळका वास.

वॉरंटी वर्षाची होती. फोन केला तर व्हिडिओ पाठवा, बिल पाठवा, मशीनच्या तळावरचा नंबर पाठवा. सगळं पाठवलं. मग विचारलं यात काय वाळवता. मी सरळ सांगितलं, रताळं, कुत्र्यासाठी. लगेच उत्तर आलं की पेट फूड हा घरगुती वापर धरत नाही, वॉरंटी लागू नाही. अहो, रताळं ते रताळंच ना! माणसानं उपवासाला खाल्लं काय आणि कुत्र्यानं खाल्लं काय, मशीनला काय कळतंय? त्यांच्याच खोक्यावर आंब्याचे, अननसाचे काप वाळत घातलेला फोटो आहे, त्यातनं रस गळत नाही का? कोल्हापुरात सर्व्हिस सेंटर नाही, स्वखर्चानं कुरियर करा, बघून सांगू म्हणाले, त्या कुरियरच्या पैशात चार महिन्यांची रताळी येतात. मेलवर मेल झाले, तीच ती छापील उत्तरं. माझा संताप अजून गेलेला नाही आणि त्यांना लेखी कळवलंय की अटींमध्ये असं कुठंही लिहिलेलं नाही. त्याला अजून उत्तर नाही.

शेवटी ह्यांच्या ओळखीनं उद्यमनगरात घेऊन गेलो. तिथं एका छोट्या वर्कशॉपमध्ये मालकांनी चार स्क्रू काढले आणि बूड उलटं करून मला दाखवलं. पंख्याच्या मधोमध, शाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या दांडीच्या) तोंडाशी, काळपट तपकिरी, काकवीसारखा घट्ट थर. बोट लावलं तर तार सुटत होती. “वैनी, मोटर मेली न्हाई, चिकाटलीया. साखर हाय ही. बुश पार सुकलाय बगा.” बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी. रताळं गरम होताना त्याच्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणूनच भाजलेलं रताळं एवढं गोड लागतं, आणि ताज्या पट्ट्यांतनं पहिल्या दोन तासांत ती पाझरते. पंखा खाली, वर नुसती जाळी. पडणार कुठं? सरळ कॉइलवर आणि शाफ्टवर. मशीन बनवणाऱ्यानं एकदा तरी रताळं किंवा पिकलेला आंबा लावून बघितला असता तर हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

त्यांनी बुश काढून बेअरिंगचा पंखा बसवला आणि पंख्याच्या वर पातळ स्टीलच्या पत्र्याची छत्री करून दिली, कडेनं बोटभर जागा ठेवून, म्हणजे हवा बाजूनं वर जाते आणि रस छत्रीवर पडून बाहेरच्या कडेच्या पन्हाळीत येतो. ती छत्री उचलून निघते, धुवून परत ठेवायची. सगळे मिळून साडेतीनशे रुपये घेतले. मी चहाला थांबेपर्यंत काम झालं. गुंड्यासाठी एवढं करता व्हय, असं विचारून त्यांनी त्याचा फोटो पण बघितला. नाद खुळा काम. छत्रीमुळं वाळायला तासभर जास्त लागतो आणि ट्रेच्या मधल्या पट्ट्या कडेच्यापेक्षा मागं राहतात, पण त्यानंतर आजपर्यंत किर्र नाही की वास नाही.

म्हणून घ्यायचंच असेल तर पंखा मागं असलेलं चौकोनी मशीन घ्या. थोडं महाग पडतं, पण हवा आडवी फिरते, ट्रे बदलावे लागत नाहीत आणि रस खालच्या ट्रेमध्ये पडतो, मोटरवर नाही. बहिणीनं आता तेच घेतलंय.

पट्ट्यांबद्दल जे वापरून कळलं ते सांगते. उभे काप, पाव इंच जाड. चकत्या करू नका, लॅब चकती गिळतो, लांब पट्टी पंज्यात धरून चावत बसतो. तरी देताना समोर थांबायचंच, गुंड्या शेवटचा तुकडा आख्खा गिळायला बघतो. कच्चं कापून तसंच लावू नका, आधी पट्ट्या मोदकपात्रात सात-आठ मिनिटं वाफवा. कच्चा स्टार्च कुत्र्याला नीट पचत नाही, गुंड्याला कच्च्या वाळवलेल्यानं पोटात गुरगुर व्हायची. वाफवलं की काप काळेही पडत नाहीत. विळीवर जाडी सारखी येत नाही, स्लायसर वापरा. किडकं रताळं असेल तर कीड कापून बाकीचं वापरायच्या भानगडीत पडू नका, कीड लागली की आख्खं कडू होतं आणि बुरशीचं तर विषारी असतं, फेकून द्या.

झाल्या की लगेच फ्रीजरला नाही. काचेच्या बरणीत सैल भरून आठवडाभर रोज हलवायच्या, काचेवर आतून दव दिसलं तर परत मशीनला. ही पायरी पावसाळ्यात अजिबात चुकवायची नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मी त्यानंतर थेट फ्रीजरमध्येच ठेवते.

किती द्यायच्या? ट्रीट दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत, असा नियम आहे. कच्च्या रताळ्यात १०० ग्रॅमला ८६ कॅलरी, ते वाळून पावपट झालं की ग्रॅमला साडेतीनच्या आसपास. आमची एक पट्टी आठ ग्रॅमची, म्हणजे २७-२८ कॅलरी. गुंड्याला दिवसाला साधारण १२०० लागतात, तर चार पट्ट्या आणि बास, तो कितीही केविलवाणं बघू दे. मुतखड्याचा किंवा शुगरचा त्रास असलेल्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि हे जेवण नव्हे. धान्य नसलेल्या, डाळी-बटाटे-रताळ्यावर उभ्या केलेल्या डॉगफूडचा हृदयाच्या आजाराशी संबंध आहे का याची चौकशी एफडीएनं २०१८ मध्ये सुरू केली होती. ती रोजच्या पूर्ण आहाराची गोष्ट, चार पट्ट्यांची नाही, पण पीठ नको म्हणून अख्खं जेवणच रताळ्यावर आणणारे लोक मी बघितलेत म्हणून लिहिलं.

अजून एक, व्हिटॅमिन ए भरपूर म्हणून जे सांगतात ते केशरी गराच्या रताळ्याचं. आपल्याकडं चंदगड-बेळगाव भागातनं येतं ते बहुतेक वरनं लाल, आतनं पांढरं, त्यात ते नावालाच असतं. केंद्र सरकारच्या कंदपीक संशोधन संस्थेनं केरळमध्ये भू सोना नावाचं केशरी वाण काढलंय, ते आपल्या बाजारात मला अजून दिसलं नाही, कुणाला कोल्हापुरात मिळत असेल तर प्लीज कळवा, मी चार किलो एकदम घेईन.

शेंगदाण्याचं बटर लावून देणाऱ्यांनी डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलंय का ते आधी बघा, कुत्र्याला ते थोडंसं पण जिवावर बेततं. मी काहीच लावत नाही.

रेटिंग द्यायचं तर मशीनला पाचपैकी तीन, छत्री बसवल्यावर चार, कंपनीच्या सर्व्हिसला शून्य. आषाढीच्या आणि महाशिवरात्रीच्या तोंडावर रताळ्याचा दर दुप्पट होतो, त्याच्या आधी आठ-दहा दिवस घेऊन ठेवा, मार्केटमधल्या मावशी नेहमीच्या गिऱ्हाईकाला सारख्या जाडीची निवडून देतात. घरी आणून न धुता टोपलीत मोकळी ठेवा, फ्रीजमध्ये नको, थंडीनं आतला गाभा कडक होतो आणि मग कितीही वाफवलं तरी पट्टी मऊ होत नाही.