मेझुझा: डबी नंतर बघा, आधी चामडं

जेरुसलेमच्या दुकानांत काचेच्या, चांदीच्या, ऑलिव्हच्या लाकडाच्या ज्या देखण्या मेझुझा (यहुदी घरांच्या दारबाहीवर लावायच्या) मांडलेल्या असतात, त्या नुसत्या डब्या. खरा माल आत. स्वस्त सेटमध्ये आत छापील कागदाची सुरळी निघते, आणि धर्मशास्त्राच्या हिशेबात तिची किंमत शून्य. मजकूर कोशेर, म्हणजे यहुदी धर्मानुसार खायला चालणाऱ्या, जनावराच्या चामड्यावर (क्लाफ) प्रशिक्षित लेखनिकानं, म्हणजे सोफेरनं, हातानं लिहिलेला हवा.

हिब्रूत मेझुझा म्हणजे दारबाही. 'हे शब्द दारबाह्यांवर लिही' ही आज्ञा ज्या उताऱ्यात आहे, तोच उतारा लिहून तिथं ठोकायचा. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातले 6:4-9 आणि 11:13-21 हे दोन उतारे, एकूण 22 ओळी, 713 अक्षरं. पहिलं वाक्य शेमा: ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. यहुदी श्रद्धेचा कणा एवढ्यात आला. दुसऱ्या उताऱ्यात कराराची दुसरी बाजू येते: आज्ञा पाळल्या तर पाऊस वेळेवर, परक्या देवांच्या मागे लागलात तर आभाळ बंद.

दुकानात भिंग मागा आणि शेमाच्या वाक्यातलं शेवटचं अक्षर बघा. 'एखाद' (एक) या शब्दातलं ते दालेत. त्याचा उजवा वरचा कोपरा टोकदार हवा. तो गोल झाला की दालेतचा रेश होतो आणि शब्द होतो 'आखेर', म्हणजे दुसरा. अख्खा एकेश्वरवाद त्या एका कोपऱ्यावर उभा आहे! मग दोन अक्षरं एकमेकांना चिकटलीत का ते बघा. प्रत्येक अक्षराभोवती कोरं चामडं दिसलंच पाहिजे.

खरी मेख क्रमाची. अक्षरं ज्या क्रमानं वाचायची त्याच क्रमानं लिहावी लागतात. दहाव्या ओळीत एक अक्षर सुटलं आणि शेवटी लक्षात आलं, तर ते मागाहून भरता येत नाही, सगळी मेझुझा बाद. तोराच्या (यहुदी धर्मग्रंथाच्या) गुंडाळीला मागाहून भरण्याची सवलत आहे, मेझुझाला नाही. म्हणून तपासणीचा दाखला मागा. संगणक सुटलेलं किंवा जादा अक्षर पकडतो, चिकटलेल्या आणि बिघडलेल्या अक्षरांसाठी जाणकार डोळाच लागतो.

'मोशेपासून अक्षर न् अक्षर हेच' असं विक्रेता म्हणाला तर मान डोलवा आणि सोडून द्या. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या मेझुझांत मजकूर वेगवेगळा आहे, एकीत तर दहा आज्ञांचा भाग आहे. आजचा साचा नंतर पक्का झाला. मेझुझा ताईत म्हणून विकणाऱ्यांपासूनही लांब राहा. आत देवदूतांची नावं घुसडणाऱ्यांना यहुदी धर्मशास्त्री मायमोनिडीसनं 12व्या शतकातच झापलं होतं.

मापाचं म्हणाल तर 10 किंवा 12 सेंटिमीटरचा क्लाफ घ्या. 6 सेंटिमीटरमध्ये 713 अक्षरं कोंबली की ती चिकटण्याचा धोका वाढतो. डबी क्लाफपेक्षा जराशी लांब हवी. लोक आधी डबी घेतात आणि मग चामडं दुमडून आत सारतात. घडीवर शाई तडकते. गुंडाळी डावीकडून, ओळीच्या शेवटाकडून सुरू करायची, म्हणजे उलगडताना शेमा आधी दिसतो.

दारातून आत शिरताना उजव्या हाताला, उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या तळाशी, बाहेरच्या कडेपासून चार बोटांच्या आत लावायची. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपच्या परंपरेतले यहुदी) वरचं टोक घराकडे कलतं ठेवतात, सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेतले) सरळ उभी लावतात. आधी आशीर्वचन, मग खिळे, वर आणि खाली दोन्हीकडे. एकाच खिळ्यावर लोंबकळणारी चालत नाही. न्हाणीघर आणि संडास वगळायचे.

सात वर्षांत दोनदा उघडून तपासायची असा नियम आहे, पण एकेकाळी शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या 'शनिवार तेल्यां'च्या, म्हणजे बेने इस्राएल यहुद्यांच्या कोकणात तेवढ्यावर विसंबू नका. दमट हवेत चामडं फुगतं, उन्हात आकसतं, शाईचे पापुद्रे सुटतात. बाहेरच्या दाराला क्लाफ प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वरून बंद असलेल्या डबीत घाला आणि पावसाळा संपला की एकदा उघडून बघा.